छत्रीच्या कापडाची सॅक

न्हाय न्हाय चाचा, हीबी जड हाय — रिकामी असून अशी, मग भरल्यावर काय हुईल? कॅनव्हास नगंच. आणि मेणकापड उन्हात पाठीला चिकटतंय. ते वर काळं काय हाय? छत्रीचं कापड? काढा, काढा — बघा की, फुकलं तर उडतंय! ह्येचीच शिवा सॅक. खिसं नगंत. बकल नगं, लोखंड असतंय ते. तोंडाला नाडी बास. न्हाय, बसाय सांगू नगा, मी हुबाच बरा हाय, चारची हुबळीची यष्टी गाठायची हाय — सायकल टपावर टाकायची आणि हुबळीपास्नं पुढं चालवायची. लालासाब चाचाएवढा झटपट हात कोल्हापुरात कुणाचा न्हाय, म्हणून म्हणतो, चालवा मशीन.

आवो, जाणारच की, सायकलवीर न्हवं मी? तालमीच्या भिंतीवर अजून फळा हाय — ‘सायकलवीर नृसिंह, कोल्हापूर ते कन्याकुमारी’ — पिवळ्या रंगात. गेल्या साली सॅक तुमीच दिल्ती, मिल्ट्रीच्या कापडाची. तुमचा दोष न्हाय त्यात. भरली ती गल्लीनं. ह्येनं चिवडा, त्येनं लसणाची चटणी, शालूबाईनं आठ दिवसांच्या दशम्या, वर पितळी तांब्या — आणि न्हाय म्हणाय येतंय व्हय? गळ्यात हार, डोक्यात गुलाल, म्होरं हलगी वाजतीया! निपाणीपतोर पट्ट्यांनी खांदं सोलून निघालं. मग तवंदीचा घाट दिसला आणि — आणि चढलो. चढलो की. असं का बघतासा चष्म्यावरनं?

बरं, न्हाय चढलो. आता सांगतोच, तुमी काय चौकात जाऊन बोलणारं न्हवं. खांद्याचं निमित्त. भ्यालो मी. घाटाखाली दगडावर बसून दशमी खाल्ली, आणि घराची अशी आठवण आली, अशी आठवण आली — रडलो चाचा, ह्या मिशा घिऊन रडलो. परत कुठल्या तोंडानं यायचं? आडवाटेनं हातकणंगल्याला गेलो, थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं. चाळीस दिवस तिच्या माळ्यावर, कांद्यांच्या शेजारी. एका ट्रकवाल्याकडं पोस्टकार्डं दिली, त्यानं बंगलोरास्नं टाकली. आणि कन्याकुमारीची ती तीन रंगांची वाळू? ओढ्यातली हाय. आक्काच्या घरचं हळद-कुंकू कालवलं तिच्यात. तालमीच्या मारुतीम्होरं ठेवलीया ती, माणसं पाया पडत्यात. हसू नगा. हसत न्हाय व्हय? बरं.

तितंच ऱ्हायलं असतं तर काय न्हवतं वो. खरं माणसं इचारत्यात — नरसू, रस्ता कसा हाय, ऱ्हायची सोय कशी — आणि सांगाय लागतंय. आज एक सांगितलं की उद्या त्येच्या म्होरलं सांगाय लागतंय. सगळ्यांस्नी ठावका असल्याला डांबरी रस्ता सांगून कोण कान देतंय? म्हणून म्हणलो, हुबळीच्या पुढं डाव्या हाताला कच्चा फाटा हाय, रानातनं जातोय, तीस मैल वाचत्यात. पाण्याचं इचारलं तर म्हणलो, कोसाकोसाला झरा हाय, पाण्याचं वजन करू नगा, तिघांत एक वॉटरबॅग बास. ह्या असल्या उन्हात! हुबळी म्या डोळ्यांनी बघितली न्हाय चाचा. कसला फाटा आणि कसला झरा! खरं डाव्या हाताला एकादा फाटा असणारच की, सगळ्याच गावास्नी असतोय. आणि ती तालमीतली तिघं पोरं तितं वळणार. कागदावर लिहून घेतलंय त्यांनी, माझ्याम्होरं, जिभेला पेन्सिल लावून.

परवा निघाली तिघं, सायकलीनं कन्याकुमारीला. नारळ मीच फोडला, पावणा म्हणून मलाच बलिवलंतं. तोंड उघडलं हुतं मी, देवाशपथ उघडलं हुतं — तवर हलगी सुरू झाली. आज सकाळी वळली असतील. म्हणून हलकी पायजे सॅक. माझं त्यात काय न्यायचं न्हाय, अंगावरची कापडं बास. पाणी न्यायचंय, बाटल्या भरून. जेवढं उचलंल तेवढं पाणी. वजन पाण्याचं हुंदे, पिशवीचं नगं —

मशीन का थांबवलंसा?

व्हय. केरबा, पिराजी आणि — व्हय चाचा, तुमचा पोरगा बादशहाच. दुसरा कुठला असणार? तयार सॅका चौकातल्या पुतळ्याजवळ टांगल्यात की रग्गड, त्या सोडून हितं आलो, ते काय कापडासाठी न्हवं. दारात पाय ठेवल्यापास्नं सांगायचंच हुतं, आणि छत्रीचं कापड बघत बसलो. असा हाय मी. शिव्या घाला. ती कात्री फेकून हाणा.

आं? पिशवी का काढून घेतलीसा? एक पट्टा ऱ्हायलाय तर ऱ्हाऊं दे, द्या हिकडं. टोपी कशाला घालतासा? आणि फळ्या? भर दुपारी दुकानाच्या फळ्या का लावतासा? आवो, ती सुरई घिऊन कुठं — चाचा, ऐका तर. रस्ता कच्चा हाय, ऊन बघा, तुमचं वय — बरं बरं, सोडतो हात. खरं चाचा, तुमास्नी सायकल येती का?