भिमाचा हुंकार

— बसा हो मोहनराव, माणसं आत्ताशी टेकल्यात. चहा घ्या, गुळाचा हाय, पर घ्या — आज घसा ओला लागंल तुमचा. गर्दीची काळजी करू नगा. "सावळाराम, मतं मागायची आहेत, तुझी गोष्ट ऐकायला जमतात तेवढी माणसं जमव," असं तुमीच म्हणला न्हवं? जमवली. शेळगावची माणसं गाड्या जुंपून आल्यात. बागाईतदार समदे, मत असणारे.

पर एक सांगून ठिवतो. आमच्या कळस गावाला ऐकायची रीत निराळी. सांगणाऱ्यानं वाक्य टाकलं की समोरनं हुंकार याया पायजे. राजा निघाला — हां जी. रानात शिरला — हां जी. हुंकार दमदार आला तर सांगणारा चांगला, बारीक झाला तर त्यानं वळखायचं, गोष्ट घसरली, सावरा. आलाच न्हाय तर गप उठून घरला जायचं. तुमच्या बारामतीला तसं न्हाय. समदी हाताची घडी घालून बसणार, खोकला आला तर तोंडावर रुमाल, आन शेवटाला टाळ्या — ऐकत हुता त्योबी वाजवणार, झोपला हुता त्योबी.

मला कसं ठावं? तितं गोष्ट सांगितलीय की मी, मोहनराव. अध्यक्ष तुमीच हुता. आठवत न्हाय? न्हायच आठवणार. माझा धाकटा भाऊ, भिमा, हुंकार द्यायला समोर बसला हुता — बारका हुता तवापास्नं त्याच्याच हुंकारावर माझी गोष्ट चालायची. दोन-तीनदा हां जी म्हणला आन तुमी टेबलावरची घंटी वाजवली. "ही सभ्य लोकांची सभा आहे, जत्रा नव्हे. त्या माणसाला गप्प बसवा, नाहीतर बाहेर काढा." समदा हॉल हसला. भिमा गप झाला. मी बोलत ऱ्हायलो, पर समोर नुसती तोंडं — राजा रानात शिरला त्यो शिरलाच, मला फुडचं काय सुचंना. तरी टाळ्या वाजवल्या तुमी. त्या टाळ्या अजून —

जाऊ द्या. भिमा? ह्यो काय, म्होरंच बसलाय, तांबडा पटका. त्या दिसापास्नं त्यानं हुंकार दिला न्हाय. घरातबी न्हाय. मी गोष्ट काढली की उठून गोठ्यात जातो. समदा गाव हां जी म्हणतो, आन मी आपला त्याचा आवाज हुडकत बसतो — तुमाला कशाला सांगतोय मी ह्ये.

तर काल घरोघरी फिरून सांगून आलोय — उद्या बारामतीची सभ्य सभा हाय. हाताची घडी घाला. हुंकार न्हाय, हसू न्हाय, मान हलवायची न्हाय. शेवटाला टाळ्या मातर दणदणीत. वाजवत्याल, बघा. आन मतं ज्याला द्यायची त्याला देत्याल.

का हो, चहा ठिवलात? मी सांगू त्यांस्नी, हुंकार द्या म्हणून? माझं ऐकत्याल, व्हय. पर मी न्हाय सांगणार. पैला हुंकार भिमाचा, मंग बाकीच्यांचा, अशी हितली जुनी रीत; आज तीच चालंल. मी समद्यांस्नी गप बसा म्हणून सांगितलं, त्याला तेवढं सांगावं लागलं न्हाय. तुमी सांगितलंय त्याला. तुमीच जाऊन म्हणा — भिमराव, बोला. समद्यांदेखत म्हणा.

न्हाय जमत?

मंग चढा वट्यावर. किती गप बसल्यात बघा माणसं. जावा.