सबनीस काकांच्या टीव्हीवरची चौथी चौकट

आमचे सेक्रेटरी सबनीस काका माहितीयत ना? मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी कॉलेज सोडल्यापासून त्यांचा माझ्यावर डोळा आहे. रिकामा पोरगा दार लावून बसतो, म्हणजे आत काहीतरी काळंबेरंच चालू असणार.

मी फक्त भंगारातल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लायचा डबा काढून त्यावर माझी सर्किटं चालवतो. त्याची हिरवी वायर काळीला यू-पिनने जोडली की डबा सुरू. एवढ्यावर काकांनी बजावलं, "हे स्फोटक प्रकार बंद कर, नाहीतर डबा जप्त."

परवा तेच दारात. "बाळा, सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा अडॅप्टर जळलाय. तुझ्या डब्यावर चालतील का रे?"

बाळा? तिथेच मला शंका आली.

"चालतील. बारा व्होल्टच लागतात, तेवढे डबा देतो. पण मग डबा जप्त नाही करायचा."

"छे रे, गंमत केली होती."

कॅमेऱ्यांच्या वायरी त्यांच्याच हॉलमध्ये येतात. डबा तिथे नेला, वायरी जोडल्या, पिन खुपसली. टीव्हीवर चार चौकटी उजळल्या. गेट, पार्किंग, लिफ्ट आणि चौथीत आमचं दार. माझ्या चपलासुद्धा स्पष्ट दिसत होत्या.

"काका, हे आमचं दार आहे."

"अरे, सेफ्टीसाठी."

"बाकी कुणाचं दार दिसत नाही ते?"

"बाकीच्यांची पोरं कामाला जातात."

मी पिन उपटली. चारही चौकटी काळ्या.

"अरे, काय झालं?"

"काही नाही काका," डबा काखेत मारत मी म्हटलं, "स्फोटक प्रकार बंद केला."