मरीचं खत

— खत न्यायला आलात तर घाला की हात त्यात, चावत न्हाईत. गांडुळाला दात कुठं असत्यात? आता वास घ्या. शेणाचा येतो का? न्हाई. नांगरल्या रानाचा येतो. पण नुसत्या गांडुळानं हे होत न्हाई बरं, गावातले लोक तिथंच चुकायलेत. गांडुळांनी खत केलं की मी ते चाळते, सावलीत पसरते, आन् परभणीच्या कृषी विद्यापीठातून आणलेले जिवाणू गुळाच्या पाण्यात कालवून वरून शिंपडते. वर ओलं गोणपाट, पंधरा दिवस. त्यात एक हिरवी बुरशी असती — तुरीला मर लावणाऱ्या, उभं झाड वाळवणाऱ्या बुरशीलाच ती खाती, तिथल्या साहेबांनी भिंगातून दाखवली मला. ऊन लागलं की संपलं सगळं. परवा त्या दुसऱ्या विद्यापीठाचं नामांतर झालं तवा दंग्यानं एसटी बंद होती, तर देवगाव फाट्यापर्यंत चालत गेले न् ट्रकला हात केला, पण जिवाणू आणले.

गांडुळांचा पयला वाफा? — त्याचं नका विचारू. बरं, बसा. चार साल झाले. मालक न् मी दर साली ऊसतोडीला जायचो. त्या साली मला दिवस गेलते, सातवा लागला होता. मालक म्हणले, "दैवशाला, औंदा तू ऱ्हा. खतावर तुझं पोट चालंल." लय खुश होते मी. आमच्या बांधाला बांध माझ्या थोरल्या दिराचा, व्यंकटरावचा. त्याला आमचं दोन एकर पाहिजे होतं — आन् आमी टिकलो तर ते भेटणार न्हवतं, कळलं का?

दिवाळीच्या आदी एका सकाळी वाफ्यावरचं गोणपाट उचललं तर पांढरी पावडर. कपाशीच्या किडीवर मारायची. गांडुळं वर येऊन पडलेली, सुताच्या गुंत्यासारखी. मी एकेक उचलून पाण्यात धुवायलते, एक तरी हालंल म्हणून. बांधावर व्यंकटराव उभा. "थंडीनं मेली असतील," म्हणला. धोतराच्या काठाला पावडर होती त्याच्या!

मंग काय खायचं? मीबी कोयता घेतला. आठव्या महिन्यात, मोळी डोक्यावर असताना, उसाच्या फडातच झालं. पोरगी होती. रडली न्हाई. मालकानं फडाच्या कडंला पुरली न् दुसऱ्या दिशी आमी परत तोडीला.

— न्हाई, पाणी नको मला. ऐका.

दोन सालानं त्याच्याच तुरीला मर लागली. सारी न्हवं, एक कोपरा. आला माझ्या दारात. "दैवशाला, तुझ्या खतानं मर जाती म्हणत्यात. दे की थोडं." थोडं कामून, म्हणलं, घरचं हाय, पेरणीच्या आदी वीस पोती न्या! चहा पाजला. आन् सुकलेली झाडं मागून घेतली, सरपणाला म्हणून. त्यानंच बांधून दिली.

त्या झाडांच्या मुळ्या कुटल्या मी. खत आठ दिवस पत्र्यावर टाकलं, वैशाखाच्या उन्हात, त्यात चांगलं काई जित्तं राहू नये म्हणून. मंग त्यात मुळ्यांचा भुगा, गुळाचं पाणी, ओलं गोणपाट — जिवाणूला जपते तशी मरीला जपली. रोज हात लावून बघायची, कोरडं तर न्हाई ना.

साऱ्या रानात पसरवलं त्यानं, आपल्या हातानं. शेंगा भरायच्या टायमाला बांधावर जाऊन उभी राहिले मी. एकबी झाड हिरवं न्हवतं. तो ढेकळावर बसलेला. "थंडीनं असंल भावजी," म्हणलं. वर बघितलं त्यानं — कळलं त्याला. तेच पाहिजे होतं मला. पण बोलणार काय? खत मागायला आपणच आलता!

आता पूर्णेला असतो पोराकडं, रेल्वेच्या खोलीत. रान विकलं कोण्या पाथरीकडच्याला. साहेब म्हणत होते, ही मर मातीत सालोसाल राहती. राहू दे. तिथं कोणाचंच...

कामून उठले? बसा की. तुमचं रान कुठलं ते तर सांगितलंच न्हाई तुमी.

काय?

ओढ्याकडचं? आमच्या बांधाला लागून? व्यंकटरावचं?

... तूर नका पेरू तिथं, दादा. ज्वारी पेरा. — असं नका बघू माझ्याकडं. तुमच्यासाठी न्हवतं केलं मी ते. तुमी कोण, मला काय म्हायती? खत न्हाई. द्यायचं न्हाई मला कोणाला. जा तुमी. जा म्हणलं ना!