आधी ओळखपत्र दाखवा

परवापासून मी सासूबाईंना आल्याचा चहा आयता हातात देतेय. का, ते ऐक.

आमचा नवरा घरोघरी गॅसची तपासणी करतो आणि "पाइपला काही लटकवू नका" म्हणून सगळ्यांना दटावतो. परवा नारायण पेठेतल्या आमच्याच इमारतीची पाळी होती. बरोबर त्याचे साहेब. सासूबाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "आपलं ओळखपत्र?"

"अगं आई, मी आहे!"

"तूच बजावलंयस ना, ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही?"

साहेब खूश. "बरोबर आहे आईंचं. दाखव की."

ह्याने सगळे खिसे चाचपले. "घरीच राहिलं वाटतं."

सासूबाई आत जाऊन कार्ड घेऊन आल्या. म्हणाल्या, "रोज लटकवतोस तिथेच होतं. गॅसच्या पाइपला."