रिकामी गाडी उडते

माझं गाव मुरुडच्या अंगाला, मोठ्या रस्त्यापासून आत. आमी बौद्ध, वस्ती गावाच्या कडंला. आजा लोकाच्या शेतात राबला, बाप राबला, मी तेवढा डायवर झालो, अन् ते बी कसा, तर ज्यांच्या शेतात आमी राबायचो त्या पाटलांनी एक जुनी पिकअप आणली, लई जुनी, एक दार तर सुतळीनं बांधलेलं, ती चालवायला कुणी धजंना म्हणून मला बसवलं. पाटलांना मी दादा म्हणायचो. त्या गाडीनं मला भाकर दिली, अन् त्याच गाडीनं असं भ्यायला शिकवलं की आजूक ते भ्याव अंगातून निघालं न्हाई. तुम्ही हसताल ताई, पण रस्त्यात खड्डा दिसला की मी आजूक शीट घट्ट धरतो, मग गाडी कुणाची का असंना.

तवा लातूर नुकताच नवा जिल्हा झालेला. लोक म्हणायचे आता उस्मानाबादला खेटे नकोत, सगळं जवळ आलं. झालं काय, तर जिथं तिथं रस्ते उकरले. वरून दुष्काळ. दुष्काळात काम काय, तर खडी फोडा अन् रस्त्यावर पसरा. खडी पसरलेली, रोलर यायचा पत्ता न्हाई, डांबर तर कुणी बघितलंच न्हाई. माझी बायको सुमित्रा, तिनं बी त्याच रस्त्याची खडी फोडली, दिवस गेले तवर. नवा जिल्हा जवळ आला खरा, पण मधी खडी आली.

सुमित्राची आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. म्हणून ह्या बारीला मुरुडच्या डॉक्टरीणबाईला दाखवलं. बाई म्हणल्या हिला पडून राहू द्या, अन् रक्त दिसलं की माझ्याकडं येऊ नका, सरळ लातूरला न्या, पण गचका बसता कामा नये. ते ऐकलं अन् मी हबकलोच. लातूरला न्यायचं त्या खडीवरून, अन् न्यायचं कशात, तर आमच्या ह्या पिकअपमधी. ती रिकामी असली की नुसती उडायची, मोसंब्या नेल्या तर खालच्यांचा रस निघायचा. अन् बाईमाणूस न्यायचं, ते बी अवघडलेलं.

मी गाडी घेऊन मुरुडच्या चाचाकडं गेलो. म्हातारा मिस्त्री, लई चिडका. त्यानं खाली वाकून कमान बघितली. कमान म्हणजे चाकावर एकावर एक बसवलेले लोखंडी पाटे असतात ना, ते. म्हणला, खाली गाडी, म्हणजे रिकामी, कूदतीच रे, कमान वजन मांगती. तेरे पाटे तो जंग से चिपक गए. मग त्यानं गंजून चिकटलेले पाटे सोडवले, घासले, मधी ग्रीस भरलं, जुन्या टायरचं रबर कापून बुश बसवले, अन् मी लई गयावया केली तवा खालचे जाड पाटे काढून टाकले. दादांना विचारलं होतं, ते म्हणले काढ बाबा, लेकराचं हाय, पण नंतर बसव. चाचानं बोट नाचवून सांगितलं, पाटे निकाले, अब माल मत भर. मी हाव हाव म्हणलो. गाडी खरंच मऊ झाली, मी चाकातली हवा बी थोडी सोडली, रोज वाटंनं चालवून बघायचो अन् मनात म्हणायचो, आता तिला गचका एवढाच लागंल, एवढाच.

पण गाडीचं काम काय होतं, तर पाणी आणायचं. लांबच्या विहिरीवरून ड्रम भरायचे अन् गावात वाटायचे. एके काळी आमच्या माणसाची घागर गावाच्या आडावर चालत नव्हती, अन् आता सगळं गाव माझी वाट बघत बसायचं, असा हा दुष्काळ. पाटे काढल्यापासून मी ड्रम अर्धे आणायचो, लोक कुरकुरायचे. त्या दिवशी म्हणले आज भरून आण रं, लेकरं तहानली. म्हणून भरून आणलं. मातीच्या वाटंनं हळूहळू आलो, काही झालं न्हाई.

गाडीचा मागचा फाळका उघडायला गेलो अन् सासू पळत आली, कोंडाबाई. ऊर बडवत म्हणती, जावाई, रक्त लागलं.

मला काही सुचंना ताई. मी ड्रम उतरवायला लागलो, तर पाटलांची थोरली वहिनी, घागर घेऊन रांगंत पहिली उभी होती, ती म्हणली, थांब, रिकामी नेऊ नको, उडल, पाणी ऱ्हाऊ दे वर. मागून कुणीतरी म्हणलं अन् आमी काय प्यावं. ती म्हणली, गप, आज न्हाई प्यालं तर मरत न्हाईस. सगळ्या बायांनी घागरी बाजूला केल्या. ड्रमांच्या मधी कडबा टाकला, वर वाकळा, त्यावर सुमित्राला निजवलं, सासू उशाला. अन् मी, चाचाचं सांगणं पार इसरून, तसाच निघालो.

मोठ्या रस्त्याच्या खडीवर चाक चढलं अन् खाली लोखंडावर लोखंड आदळलं. धाड. पुन्हा धाड. पाटे कमी, वजन जास्ती, कमान पार सपाट बसली होती. मऊ केलेली गाडी दगडावाणी झाली. मागून सुमित्राचा आवाज आला, ओरडणं न्हाई, बारीक, म्हणली मला उतरवा हो, मी चालत जाते. ते ऐकून मला रडू फुटलं. रिकामी केली तर उडती, भरली तर आदळती, अन् मधी ती.

पाणी सांडायचं ठरवलं. दुष्काळात, भर दुपारी, रस्त्यावर. एक ड्रम कलंडवला अन् खडी फोडणाऱ्या बाया उठल्याच, डबे, घमेली, जे हाताला आलं ते घेऊन पळत सुटल्या. घटकाभरात गाडीला गराडा पडला, कुणी चाकावर, कुणी फाळक्यावर, गाडी पाळण्यावाणी हालायली. मी हात जोडून ओरडून राहिलो, कुणी ऐकंना. मला वाटलं आता इथंच सपलं सगळं. तेवढ्यात एका उंच बाईनं हातोडा फाळक्यावर हाणला. उतरा खाली, भवान्यांनो, आत बघा कोण हाय. सासू आतून नुसती हात जोडून बसलेली. बायांनी बघितलं अन् पटापटा खाली उतरल्या.

मग कुणी वर चढली न्हाई. मी दोन्ही बाजूनं सारखं पाणी देत गेलो, गाडी कलू नये म्हणून, त्या खालून घेत गेल्या. मधी मधी वाकून बघायचो. पाट्याच्या अन् वरच्या सांगाड्याच्या मधी बोटं शिरायला लागली तवा म्हणलं, बस, आता नको. अर्धं पाणी वर ऱ्हायलं. मला वाटलं आता त्या जातील. पण त्या उंच बाईनं घमेलं घेतलं अन् चाकाच्या पुढची मोठी मोठी खडी उचलायला लागली. तिला बघून बाकीच्या बी. सकाळपासून जी खडी पसरली होती तीच वेचत त्या पुढं चालल्या अन् मी पहिल्या गेरात त्यांच्या मागं. मुकादम बोंबलत होता, त्याच्याकडं कुणी बघितलं न्हाई. त्यांचा तुकडा संपला तवा बाजूला झाल्या. मी नावं बी विचारली न्हाईत ताई, थांबायचं भ्यावच वाटलं.

लातूरच्या दवाखान्यावर जिल्ह्याची पाटी नवीन होती, खाटा जुन्याच. मी भाईर भिंतीला टेकून बसलो. सांजच्याला सासू आली. तोंडावरून काही कळंना. म्हणली, पोरगी हाय, चिमणीएवढी, पण रडली. अन् सुमित्रा, म्हणलं. म्हणली, पाणी मागायली.

लेक आता नांदेडला नांदती. दोन जीवाची हाय, बाळंतपणाला इकडंच येणार म्हणती. जावाई म्हणतो, मामा, रस्ता आता कसा गुळगुळीत हाय, पाणी हालत न्हाई पोटातलं, कशाला भेता. मी हाव म्हणतो. पण सुमित्राला रात्री सांगितलं, पोरगी येऊन दारात उतरंस्तोवर मला जेव म्हणू नको. तिला ठाव हाय. आता माझ्या हातात ना गाडी हाय ना रस्ता. एवढंच म्हणतो, त्या दिवशी घागर मागं घेतलेल्या अन् खडी वेचलेल्या बायांच्या लेकीसुना जिथं असतील तिथं सुखानं बाळंत होवोत, अन् त्यांच्या घरात पाण्याची वाण पडू नये.