छापताना गेलेली लाल चौकट

हसा तुम्ही, पण मी अजूनही जिन्यानेच येतो. माझी बायको एका लिफ्ट कंपनीच्या मॅन्युअलची स्टाइलशीट लिहिते, म्हणजे पान वेबवर कसं दिसावं आणि छापल्यावर कसं, ते ठरवते. मध्ये आमच्या सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. आमच्या मजल्याचं दार उघडून नवीन मेकॅनिक लिफ्टच्या टपावर बसला होता, मांडीवर त्याच मॅन्युअलचं प्रिंट. बायकोने वाकून पान बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"भैया, मेन स्विच बंद किया?"

"इसमें तो लिखा नहीं, मॅडम."

"पहले बाहर आओ."

वेबवर 'आधी मेन स्विच बंद करा' ही सूचना लाल चौकटीत होती. शाई वाचवायला तिच्या साहेबांनी छापताना रंगीत चौकटी तिच्याकडून काढायला लावल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत आतला मजकूरही गेला होता.

तो बाहेर आला, घाम पुसला.

"मॅडम, आज बाकी सब मेकॅनिक भी यही प्रिंट लेके लिफ्टों पे चढे हैं."