अंगणातला तंबू आणि माझं अडतिसावं मरण

नाही, मरायला माझी ना नाही हो! तुम्हाला सांगतो, अडतीस वर्षं झाली या धंद्यात, सदतीस वेळा मेलोय... गोळी लागून मेलोय, विष पिऊन मेलोय, नारिन नदीत दोनदा बुडालोय, एकदा तर उंटाखाली आलो, उंट स्वभावाने भला निघाला म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे! पण कधी कुरकुर केली? विचारा बिश्केकच्या स्टुडिओत कुणालाही. ‘तुर्दुबाय, मर’ म्हटलं की मेलो. पण चौदा वेळा? एकाच दिवसात? तेही स्वतःच्या अंगणात, जबडा फडक्याने बांधून, नाकाच्या शेंड्यावर माशी बसलेली, आणि ती दिग्दर्शक पोरगी कानाशी येऊन, आमच्यात वडीलधाऱ्याला हाक मारतात तशी हाक मारून म्हणतेय, ‘आके, पापणी हलली, पुन्हा घेऊ.’ अहो, हलणारच पापणी! जिवंत आहे मी!

आता तुम्ही म्हणाल, एवढं मरायची हौस कुठून लागली? हौस कसली डोंबलाची... आमच्या कोचकोर गावात सिनेमावाले आले होते, त्यांना घोडेस्वार हवे होते. मी तेव्हा जनावरांचा डॉक्टर व्हायचं म्हणून अभ्यास करत होतो. आमचे वडील लवकर गेले, मला वाढवलं थोरल्या भावाने, कासिमालीदादाने. घोडा दादाचा. दादाच म्हणाला, ‘जा रे, चार दिवस मजा कर.’ मला सांगितलं होतं, धडाम आवाज झाला की पडायचं. झाला आवाज, पडलो. तर असा पडलो, असा पडलो, की घोडा वळून बघायला लागला! दिग्दर्शक पळत आला, म्हणतो, ‘वा! परत पड!’ मी परत पडलो. बस्स... तेव्हापासून पडतोच आहे. जो येतो तो म्हणतो, तुर्दुबायला घ्या, झकास मरतो. आणि माझं नाव ठेवलं कशासाठी? माझ्याआधीची दोन मुलं जगली नाहीत, म्हणून आईने मुद्दाम ठेवलं तुर्दुबाय, म्हणजे हा तरी राहो! राहिलो हो आई. फक्त सिनेमात राहत नाही.

बायको माझी कुलिपा. प्रत्येक मरणानंतर घरी आलो की ही दारातच उभी, हातात आर्चाच्या, त्या आमच्या डोंगरी झाडाच्या, जळत्या काड्या. तीन वेळा माझ्याभोवती धूर फिरवल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाही. ‘कुणाकुणाचं मरण अंगावर घेऊन येता, देव जाणे!’ शेजारच्यांना धुरावरून कळतं, याचं काम संपलं.

मरायला माझी ना नाही, पण नऊ वर्षांपूर्वी एकदा मी सिनेमात मेलो नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. तुम्हाला वाटेल, बरं झालं की! कसलं बरं? मला काम काय दिलं, तर सैनिकांना डोंगरातली वाट दाखवतो आणि सख्ख्या थोरल्या भावाला पकडून देतो, त्या माणसाचं! शेवटपर्यंत जिवंत! मी खूश. गावच्या क्लबात सिनेमा लावला, अख्खं कोचकोर जमलं, पहिल्या रांगेत मधोमध कासिमालीदादा, नवीन टोपी घालून. आणि पडद्यावर मी बोट दाखवतोय... ‘तिकडे, त्या गुहेत आहे तो.’ आणि मागून कोणीतरी ओरडला, ‘कासिमाली, सांभाळ रे, तुझा धाकटा गावात आलाय!’ हसले की हो सगळे!

दादा उठला. बाहेर आला. मला म्हणतो, ‘सिनेमात का होईना, भावाला वाचवायचं होतंस.’ म्हटलं, दादा, कागदावर तसं लिहिलं होतं. ‘मग तो कागद फाडायचा होतास!’ सगळ्या गावासमोर सांगून टाकलं त्याने, ‘मला भाऊ नाही.’ नऊ वर्षं, मंडळी! फोन केला तर वहिनी उचलायची आणि दादा मागून ओरडायचा, ‘सांग, मी गोठ्यात आहे.’ घरात बसून सांगायचा, गोठ्यात आहे! सणाला गेलो तर खरंच गोठ्यात जाऊन बसला. तुम्हाला सांगतो, सदतीस मरणांत जेवढं दुखलं नाही तेवढं ते दुखलं. ज्याने मला घोड्यावर बसवलं तोच बघायला तयार नाही... मग बाकी जगाने टाळ्या वाजवल्या काय आणि नाही काय?

असो. तर ही अक्मोर, दिग्दर्शक, वय अठ्ठावीस, बूट माझ्या जावयासारखे. आली आमच्या बिश्केकच्या घरी. चहा घेतला, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, ‘आके, या सिनेमाचे नायक तुम्ही.’ मी कुलिपाकडे बघितलं, कुलिपाने माझ्याकडे बघितलं. अडतीस वर्षांनी! म्हटलं, पोरी, नायक काय करतो? ‘नायक पहिल्याच दृश्यात मेलेला असतो आके, बाकी सिनेमा त्याच्या मयतीचा.’ म्हणजे बघा! नायक, आणि तरी आडवा!

म्हटलं, मरायला माझी ना नाही. पण पुढे म्हणते, ‘तंबू तुमच्याच अंगणात ठोकू, झाडं छान आहेत.’ कुलिपा जी उसळली! ‘जिवंत माणसाच्या दारात मयतीचा तंबू? अक्कल गहाण टाकली का?’ बरोबरच होतं हो तिचं. आमच्यात माणूस गेला की नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, गोल तंबू अंगणात उभा राहतो, प्रेत त्यात पडद्यामागे, बायका आत बसून गाऊन रडतात, पुरुष बाहेर काठीवर ओणवून हंबरडा फोडतात. शहरातसुद्धा, आठ मजली इमारतीखालीसुद्धा! पण मी नायक होतो ना... मी म्हटलं, होऊ दे. कुलिपाने डोक्याला फडकं बांधलं आणि गेली बहिणीकडे. ‘मेलात की कळवा,’ म्हणाली.

तर सकाळी तंबू उभा. गल्लीतले आठ म्हातारे रडायला बोलावले, चार बायका आत गायला, आणि अक्मोरची सक्त ताकीद, ‘काहीही झालं तरी कुणी थांबायचं नाही.’ आणि इथेच माशी शिंकली! शेजारची बुरुलएजे आठवडाभर लेकीकडे होती, ती नेमकी तेव्हा परतली. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीतून उतरते तर काय, माझ्या अंगणात तंबू, म्हातारे ओक्साबोक्शी रडतायत! आता आमच्याकडे तंबू दिसला की ‘कोण गेलं’ असं विचारत नाहीत. आधी रडायचं, मग विचारायचं! विचारलं तर लोक म्हणतील, बघा, चौकशा करत बसली. तुम्ही म्हणाल, कॅमेरा दिसला नाही का बाईला? दिसला की! तिला वाटलं, नट होता, टीव्हीवाले येणारच. कुलिपा दिसत नाही? बेशुद्ध पडली असेल बिचारी! गेटवर उभ्या उभ्याच तिने कोचकोरला फोन लावला, ‘तुमचा तुर्दुबाय गेला!’ आणि मग आली आत, बसली त्या चौघींत आणि लागली गायला.

मला काय माहीत? मला वाटलं, अक्मोरनेच बोलावलंय हिला. मी पडद्यामागे आडवा, जबडा बांधलेला. आणि बुरुलएजे गातेय... आमच्यात गेलेल्याचे गुण गायचे असतात. बाई सुरुवात जोरात करायची आणि मध्येच अडकायची! ‘डोंगरासारखा उंच होतास रे...’ बरं. ‘आवाज तुझा मोठा होता रे...’ बरं. ‘तू... तू... कचरा वेळेवर टाकायचास रे!’ बारा वर्षांचा शेजार, आणि हाती काय लागलं तर कचरा! हसू दाबताना माझं पोट गदगदलं, अक्मोर पडद्यामागे धावत येऊन कानात, ‘आके, प्रेत हलतंय, पुन्हा!’ असे तेरा टेक झाले.

चौदावा चालू होता, दुपार झाली होती, आणि लांबून, पार गल्लीच्या टोकापासून एक हंबरडा ऐकू आला. तो आवाज... नऊ वर्षं ऐकला नव्हता, पण पहिल्याच हाकेला ओळखला. ‘अरे माझ्या पाठच्या भावा रे!’ कासिमालीदादा! एकाहत्तर वर्षांचा माणूस, तीन तास गाडीत बसून, गावची चार माणसं आणि एक मेंढी घेऊन आलेला! ‘आधी मी जायचं होतं रे! तू मध्ये कसा घुसलास? लहानपणापासून रांग मोडायची सवय तुझी!’

अक्मोर पुटपुटतेय, ‘कोण हा म्हातारा? काय काम करतोय! कॅमेरा फिरवत राहा, फिरवत राहा!’

आणि दादा आत आला हो. पडदा ओढला त्याने. गुडघ्यावर बसला माझ्याशेजारी. ‘तुर्दुश रे... तो सिनेमा मी सात वेळा पाहिला. नातवाच्या फोनवर, गोठ्यात बसून. गाव तुला शिव्या घालायचं आणि मला आतून असं वाटायचं की बघा, बघा माझा भाऊ, खोटंच केलंय तरी खरं वाटतंय ना? पण एवढं गावादेखत तोडून बोललो होतो रे, माघार कुठल्या तोंडाने घेऊ? तू फोन करायचास तेव्हा मी तुझ्या वहिनीच्या मागेच उभा असायचो. तुझा आवाज ऐकायला!’

मंडळी, मरायला माझी ना नाही... पण त्या वेळी नाही मरवत होतं! करू काय? उठलो तर एकाहत्तर वर्षांचं काळीज, जागच्या जागी बंद पडेल. नाही उठलो तर रडून रडून बंद पडेल. आणि दोन्हीतून वाचला तर म्हणेल, परत दगा दिलास, आणि या खेपेला नऊ वर्षं नाही, कायमचा गोठ्यात! डोळ्यांतून पाणी आलं माझ्या, कानापर्यंत वाहत गेलं. अक्मोर उशाकडच्या पडद्याआडून कुजबुजली, ‘आके, प्रेतं रडत नाहीत!’ मनात म्हटलं, गप गं बाई!

तेवढ्यात दादाने माझ्या छातीवर डोकं टेकवलं. रडत होता... आणि थांबला. कान लावला. डोकं फिरवलं, दुसरा कान लावला. माझं काळीज आत नगाऱ्यासारखं वाजत होतं, लपवणार कुठे?

‘तुर्दुश?’

जबडा बांधलेला. म्हटलं, ‘हंऽ.’

दादाने वर बघितलं. कॅमेरा. दिवा. अक्मोर, डोळे पुसत असलेली. परत माझ्याकडे बघितलं.

‘सिनेमा?’

‘हंऽ.’

‘परत सिनेमा?’

‘हंऽ.’

काठी उचलली हो त्याने! पहिली खांद्यावर, दुसरी मांडीवर, तिसरी चुकवली ती बुरुलएजेच्या गुडघ्याला. ती ओरडतेय ते वेगळंच, ‘जिवंत आहे? आणि मी सकाळपासून कडवी जुळवतेय ती?’ मी तंबूभर पळतोय, दादा मागे, ‘कागद फाडायला काय होतं रे तुला?’ आणि मग दम लागला त्याला. काठी टाकली. मला धरलं, असं घट्ट धरलं की बरगडी कडकडली, आणि म्हणाला, ‘मेला नाहीस ना? मग ठीक आहे. मग सगळं ठीक आहे.’ सुटलो हो! नऊ वर्षं छातीवर बसलेलं ते ओझं उतरलं. इतका रडलो, इतका रडलो की कॅमेरावाल्याने शेवटी कॅमेरा खाली ठेवला.

मेंढीचं काय करायचं? मयताला आणलेली परत न्यायची नसते. दादा म्हणाला, ‘मेला म्हणून खाणार होतो, आता वाचला म्हणून खाऊ.’ त्याच तंबूत पंगत बसली, रडायला आलेले आठही म्हातारे हात पसरून मला दीर्घायुष्याचा आशीर्वाद देत होते. कुलिपा संध्याकाळी आली, धूर फिरवायला लागली तर दादा म्हणाला, ‘थांब, आधी मला फिरव, खरा मेलो होतो तो मी.’

सिनेमा लागला. चौदावा टेक तस्साच ठेवला त्या पोरीने. आणि महोत्सवात सगळ्यात चांगल्या अभिनयाचं बक्षीस... टाळ्या नका वाजवू, मला नाही! कासिमालीदादाला! पहिलाच सिनेमा, एकच दृश्य, आणि बक्षीस घेऊन बसला! अडतीस वर्षं मी मरतोय, कुणी साधं फूल दिलं नाही.

आता रोज फोन येतो त्याचा. नऊ वर्षं गोठ्यात होता तो आता फोनवरून उतरत नाही. मला अभिनय शिकवतो! ‘तुर्दुश, तू हातांचं काय करतोस? हात विसर.’ बरं दादा. सिनेमावाले त्याच्या दारात रांग लावतात आणि हा सगळ्यांना एकच अट घालतो, ‘येतो मी, पण धाकट्यालाही घ्यायचं. बोलायचं काम देऊ नका त्याला, पण आडवा पडायला त्याच्यासारखा माणूस नाही.’ काय करणार? थोरला आहे, नऊ वर्षांनी बोलतोय... म्हटलं, कुठे पडू, दादा?